पाहुण्यांसाठी घोटलेला चक्का : तिखट व गोड

आपल्या ग्रामीण जीवनात आतिथ्यास मोठे स्थान आहे. दारी आलेल्या पाहुण्यास रिकाम्या तोंडी पाठवू नये, ही रीत गरिबाच्या घरीही कसोशीने पाळली जाते. लग्नसराई, गुढीपाडवा, दसरा, बारसे, गावची जत्रा अशा प्रसंगी तर एकाच वेळी वीस-पंचवीस माणसांची उठबस करावी लागते. अशा वेळी फार खर्च न करता, चुलीपुढे फार वेळ न दवडता आणि शक्यतो घरच्याच जिनसांतून काय करता येईल, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो. दुभते जनावर असलेल्या शेतकऱ्याच्या घरी या प्रश्नाचे उत्तर दुधाच्या भांड्यातच असते. हे उत्तर म्हणजे चक्का होय.

चक्का म्हणजे पाणी निथळून टाकलेले घट्ट दही. साखर घालून घोटला की त्याचे श्रीखंड होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हाच चक्का साय, मीठ, मिरची, आले व जिरे घालून हलका होईपर्यंत घोटला, तर भाकरी, थालीपीठ, पुरी, भाजलेले पापड किंवा काकडी-गाजराच्या फोडी यांबरोबर खाण्यास उत्तम तोंडीलावणे तयार होते. पाश्चात्त्य देशांत पाहुण्यांपुढे मऊ चीज घोटून पाव व कच्च्या भाज्यांबरोबर ठेवण्याची पद्धत आहे. लेबनॉन, सीरिया या देशांत बांधलेल्या दह्याला ‘लबनेह’ म्हणतात व त्यावर ऑलिव्हचे तेल सोडून ते रोटीबरोबर खातात. या सर्वांमागील तत्त्व एकच आहे. दुधातील घन भाग एकत्र करावा, त्यातील जादा पाणी काढावे आणि उरलेला गोळा घोटून मऊ करावा. त्यासाठी बाजारातून महागडे चीज आणण्याची आपल्याकडे गरज नाही.

१९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाल्यानंतर अनेक गावांत सहकारी दूध संकलन केंद्रे निघाली व घरचे दूध सकाळ-संध्याकाळ केंद्रावर जाऊ लागले. त्यातून शेतकऱ्यास नियमित रोख पैसा मिळू लागला, ही इष्ट गोष्ट घडली. परंतु सणासुदीला केंद्रावर दूध घालावयाचे आणि त्याच दिवशी तालुक्याच्या गावातून चक्का विकत आणावयाचा, असा उलटा व्यवहारही काही घरांत होऊ लागला. दोन दिवस आधी योजना आखली, तर हा खर्च सहज वाचू शकतो.

ध्यानात धरावयाची मुख्य गोष्ट

चक्क्याची कृती सोपी आहे, परंतु तीत एक मेख आहे. भात, आमटी, भाजी हे पदार्थ वाढण्याच्या थोडेच आधी चुलीवरून उतरतात आणि त्यांतील रोगजंतू उष्णतेने मरतात. चक्क्याचे तसे नाही. दूध एकदा उकळले की त्यानंतर या पदार्थास पुन्हा अग्नी लागत नाही. विरजण, कापड, चाळणी, चमचा, हात, कोथिंबीर यांपैकी कोणत्याही मार्गाने त्यात घाण शिरली, तर ती थेट पाहुण्याच्या पोटात जाते. म्हणून दूध उकळल्यानंतरच्या प्रत्येक पायरीवर अग्नीचे काम स्वच्छतेने करावयाचे असते. हे एक सूत्र ज्याने जाणले, त्याला चक्क्याची सारी विद्या अवगत झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

दुधाची निवड

म्हशीच्या दुधात स्निग्धांश व इतर घन पदार्थ अधिक असल्यामुळे त्याचा चक्का अधिक पडतो व तो घट्ट होतो. म्हशीच्या १ लिटर दुधापासून सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम, तर गाईच्या १ लिटर दुधापासून सुमारे २५० ते ३०० ग्रॅम चक्का मिळतो. जनावराचा आहार, वेताचा काळ व पाणी किती निथळू दिले यांवर हे प्रमाण कमीजास्त होते. प्रत्येक कुटुंबाने दोन-तीन वेळा वजन करून आपल्या घरचे प्रमाण टिपून ठेवावे. गाय व म्हैस यांचे दूध मिसळून घेतले तरी चालते.

पुढील प्रकारचे दूध चक्क्यासाठी कदापि घेऊ नये.

१. नुकत्याच व्यालेल्या जनावराचा चीक.

२. कासदाह म्हणजेच दगडी झालेल्या जनावराचे दूध. असे दूध बहुधा गुठळ्यांचे, पाणचट किंवा खारट असते व त्याचे दही नीट लागत नाही.

३. प्रतिजैविक औषध टोचलेल्या अथवा सडात सोडलेल्या जनावराचे दूध. पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत असे दूध माणसाच्या उपयोगास आणू नये. या औषधाचा अंश दुधात उतरतो, विरजणातील उपयुक्त जंतूंनाही मारतो आणि दही लागत नाही. विरजण चांगले असूनही दही न लागल्यास या कारणाचा अवश्य विचार करावा.

४. गर्भपात झालेल्या अथवा आजारी जनावराचे दूध. ब्रुसेल्लोसिस या सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाचे जंतू कच्च्या दुधावाटे माणसास बाधतात व त्याला दीर्घकाळ येणारा-जाणारा ताप जडतो. अशा जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

दूध उकळणे

धारा काढल्यावर दूध स्वच्छ कापडातून गाळून लगेच तापत ठेवावे. त्याला पूर्ण उकळी येऊ द्यावी व नंतर मंद आचेवर पाच ते दहा मिनिटे ढवळत ठेवावे. यापासून दोन लाभ होतात. पहिला म्हणजे क्षय, ब्रुसेल्लोसिस इत्यादी रोगांचे जंतू नष्ट होतात. दुसरा म्हणजे दुधातील जी प्रथिने एरवी पाण्याबरोबर निघून गेली असती, त्यांपैकी बरीचशी उष्णतेमुळे दह्याच्या घट्ट भागास चिकटून राहतात. त्यामुळे दही घट्ट लागते व चक्का थोडा अधिक पडतो. कच्च्या अथवा नुसत्या कोमट केलेल्या दुधाचे दही लावून चक्का करण्याची चाल काही ठिकाणी आढळते. ती सोडून द्यावी. तीत आरोग्याचाही तोटा आहे व वजनाचाही.

उकळलेल्या दुधावर येणारी साय थोडी काढून, झाकून, गार जागी ठेवावी. चक्का घोटताना ती उपयोगी पडते.

विरजण व दही लावणे

दूध कोमट झाल्यावर, म्हणजे सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत उतरल्यावर, विरजण लावावे. उष्णतामापक नसल्यास दुधात बोट बुडवून पाहण्याची सवय सर्वत्र आहे, परंतु ती योग्य नव्हे. उकळून शुद्ध केलेले दूध तेवढ्यानेच पुन्हा दूषित होऊ शकते. स्वच्छ चमच्याने दुधाचा एक थेंब मनगटावर टाकावा. तो सोसवेल इतका ऊन लागला म्हणजे दूध विरजण्याजोगे झाले असे समजावे.

विरजण ताजे, गोडसर व एकजीव असावे. आंबट, तार सुटणारे, बुडबुडे आलेले किंवा बुरशीचा वास येणारे दही विरजणास घेऊ नये. विरजण बिघडलेले असेल, तर दूध कितीही चांगले असले तरी चक्का बिघडतो. उन्हाळ्यात १ लिटर दुधास १ लहान चमचा व हिवाळ्यात २ ते ३ लहान चमचे विरजण पुरते. ते आधी थोड्या दुधात फेटून घ्यावे व मग सर्व दुधात मिसळावे. नंतर भांडे झाकून न हलवता ठेवावे.

भांडे स्टेनलेस स्टीलचे, काचेचे, चिनी मातीचे किंवा स्वच्छ भाजक्या मातीचे असावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही लावू नये. दह्याच्या आंबटपणामुळे तांबे दह्यात उतरते, दही कळकते व खाणाऱ्यास मळमळ, उलटी असा त्रास होतो. ॲल्युमिनियमचे भांडेही दह्यासाठी टाळावे.

उन्हाळ्यात पाच-सहा तासांत व हिवाळ्यात आठ ते बारा तासांत दही लागते. भांडे हलकेच कलते केले असता दही एकसंध राहिले व कडेला सुटले, की ते तयार झाले. या अवस्थेतच ते बांधावयास घ्यावे. दही जितका वेळ गरम जागी राहील तितके ते आंबट होते, व आंबट दह्याचा चक्का कितीही घोटला तरी गोडवा धरत नाही.

दही बांधणे

यासाठी दुहेरी मलमल किंवा धुवट पातळ पंचा घ्यावा. हे कापड फक्त याच कामासाठी निराळे ठेवावे. वापरण्यापूर्वी ते दहा मिनिटे पाण्यात उकळून पिळून घ्यावे. काम झाल्यावर प्रथम थंड पाण्याने दह्याचा अंश काढावा, नंतर धुऊन, उकळून कडक उन्हात वाळवावे. घडीत राहिलेला दह्याचा कण पुढील खेपेस बुरशीचे बीज ठरतो.

चाळणीवर कापड पसरून त्यावर डावाने दह्याचे मोठे थर अलगद ठेवावे. दही ढवळू नये. ढवळल्याने त्याचे बारीक कण कापडातून पाण्याबरोबर निघून जातात. अर्धा तास पाणी आपोआप गळू द्यावे. नंतर कापडाची टोके एकत्र बांधून पुरचुंडी खुंटीस टांगावी व खाली स्वच्छ भांडे ठेवावे. पुरचुंडीवर सैलसर स्वच्छ कापडाचे आच्छादन घालावे, म्हणजे माश्या, धूळ व पाली यांपासून संरक्षण होते. तीन-चार तासांनी पुरचुंडी सोडून, कडेचा सुकलेला थर स्वच्छ चमच्याने आत लोटावा व ओला भाग बाहेर आणून पुन्हा बांधावे. यामुळे सर्व चक्का सारखा घट्ट होतो.

उन्हाळ्यात दही दिवसा टांगू नये. ते रात्री, वाऱ्याच्या व थंड जागी टांगावे. घरी शीतकपाट असल्यास दही चाळणीसह त्यात ठेवावे. मात्र वर झाकण घालावे व शेजारी कच्चे मांस, मासे, न धुतलेली भाजी ठेवू नये. दहा ते बारा तासांत पाणी गळणे थांबते. चक्क्यात चमचा उभा राहिला म्हणजे तो तयार झाला असे समजावे.

वेळेचे कोष्टक

रविवारी दुपारी बारा वाजता पाहुणे जेवावयास येणार आहेत असे समजू. उन्हाळ्याच्या दिवसांत पुढील क्रम सोयीचा पडतो.

शनिवारी सकाळी ८ वाजता दूध उकळावे. १० वाजता विरजण लावावे. सायंकाळी ४ ते ५ च्या दरम्यान दही लागते. ते चाळणीवर घ्यावे. ६ वाजता पुरचुंडी टांगावी. रात्री १० वाजता एकदा उलटून बांधावी. रविवारी सकाळी ६ वाजता चक्का उतरवून झाकून गार जागी ठेवावा. ११ वाजता घोटावा. ११॥ वाजता मीठ व फोडणी घालून वाढण्यास घ्यावा.

हिवाळ्यात हेच काम शुक्रवारी रात्रीपासून सुरू करावे. या क्रमात पाहुणे येण्याच्या वेळी गृहिणीस चुलीशी अडकून पडावे लागत नाही, हा मोठा फायदा आहे. कापड उकळणे, पुरचुंडी टांगणे, पाणी काढून ठेवणे ही कामे घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करावी. पाहुणे साऱ्या घराचे असतात. मग त्यांची तयारी एकाच व्यक्तीवर का पडावी?

तिखट चक्का : प्रमाण व कृती

पुढील प्रमाण सुमारे २० माणसांस तोंडीलावणे म्हणून पुरते.

म्हशीच्या २ लिटर दुधाचा चक्का (सुमारे ७५० ग्रॅम), गार साय ३ मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा, साखर १ लहान चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड २ लहान चमचे, हिरव्या मिरच्या ४ ते ५, आल्याचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, कोथिंबीर १ मूठ, गोडे तेल २ मोठे चमचे, मोहरी, हिंग व कढीपत्ता फोडणीपुरते.

गाईचे दूध असल्यास ते पावणेतीन लिटर घ्यावे.

ज्या जिनसांस अग्नी लावता येतो त्यांस तो अवश्य लावावा. म्हणून मिरची व आले कच्चे न घालता बारीक चिरून फोडणीतच परतावे. तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, नंतर हिंग, कढीपत्ता, मिरची व आले घालून मिनिटभर परतावे आणि फोडणी पूर्ण निवू द्यावी. गरम फोडणी ओतल्यास चक्का फुटतो व त्यास पाणी सुटते. कोथिंबीर मात्र कच्चीच घालावयाची असल्याने ती निवडून दोन-तीन पाण्यांतून धुवावी, शेवटचे पाणी उकळून गार केलेले असावे, नंतर झटकून कोरडी करून चिरावी.

प्रथम चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावा, म्हणजे गुठळ्या मोडतात. मग त्यात गार साय घालून रवीने किंवा मोठ्या चमच्याने एकाच दिशेने दहा मिनिटे घोटावे. घोटताना चक्क्यात हवा मिसळते, सायीतील स्निग्धांश ती धरून ठेवतो आणि पदार्थ हलका व पांढराशुभ्र होतो. चक्का व साय दोन्ही गार असतील तरच हे साधते. ऊन सायीचे लोणी निघू लागते व मिश्रण तेलकट होते. चमच्यावरून मिश्रण हळूहळू पडू लागले की घोटणे थांबवावे.

साखर व जिरेपूड घालून मिसळावे. मीठ अगदी वाढण्यापूर्वी घालावे. शेवटी कोथिंबीर व गार फोडणी वर पसरावी. मीठ लवकर घातले तर चक्का सैल पडतो व कडेला पाणी साचते. काकडी मिसळावयाची झाल्यास ती किसून, मीठ लावून, पिळून मगच घालावी. याच मिश्रणात फोडणीऐवजी जवसाची, कारळ्याची किंवा लसणाची कोरडी चटणी पेरली तर निराळी चव येते. खानदेश, मराठवाडा, विदर्भ व देश यांतील घरोघरी ज्या कोरड्या चटण्या सदैव तयार असतात, त्यांपैकी कोणतीही यास चालते.

ज्यांस मधुमेहामुळे गोड वर्ज्य आहे, अशा वडीलधाऱ्या पाहुण्यांस हा तिखट चक्का वाढण्यास सोयीचा आहे. त्यांच्यासाठी तो साखर न घालता निराळा काढावा. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ कमी ठेवावे.

गोड चक्का

श्रीखंडासाठी चक्क्याच्या वजनाच्या पाऊण पटीपासून समभागापर्यंत पिठीसाखर घ्यावी. चक्क्यात साखर मिसळून एक तास झाकून ठेवावी, मग पुरणयंत्रातून काढून वेलची, जायफळ, केशर व चारोळी घालावी. उन्हाळ्यात हापूस किंवा पायरी आंब्याचा घट्ट रस घालून आम्रखंड करता येते. मात्र आंबे धुऊन, स्वच्छ हातांनी रस काढावा, आणि रस गोड असल्यास साखर कमी घ्यावी.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. श्रीखंडातील भरपूर साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून ते शीतकपाटात काही दिवस टिकते. तिखट चक्क्यात साखर नाममात्र असते व ओली कोथिंबीर असते. म्हणून तो केला त्याच दिवशी संपवावा. बाहेर उघड्यावर दोन तासांपेक्षा, व कडक उन्हाळ्यात एक तासापेक्षा, जास्त वेळ ठेवू नये. मोठ्या पंक्तीस सर्व चक्का एकदम बाहेर न काढता लहान भांड्यांतून थोडा थोडा वाढावयास न्यावा. ताटातील उरलेला चक्का मूळ भांड्यात परत टाकू नये.

पंक्तीची जबाबदारी

घरच्या चार माणसांचा चक्का बिघडला तर एक घर आजारी पडते. लग्नाच्या पंक्तीचा बिघडला तर अनेक गावांत आजार पोहोचतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना त्याची बाधा अधिक होते. म्हणून मोठ्या कार्यासाठी निरनिराळ्या घरांतून जमविलेले दही एकत्र करून चक्का बांधू नये. दूध एकत्र करावे, एकाच ठिकाणी उकळावे व एकाच चांगल्या विरजणाने लावावे. ज्यास हगवण, उलटी, ताप किंवा खोकला आहे, अथवा ज्याच्या हातावर फोड वा चिघळलेली जखम आहे, अशा व्यक्तीने दही बांधण्याचे व घोटण्याचे काम करू नये. जखमेतील काही जंतू अन्नात वाढून असे विष निर्माण करतात, की जे नंतर उकळूनही जात नाही. काम करणाऱ्याने साबणाने हात धुवावे, नखे कापलेली असावीत, आणि चक्का हाताने न कालवता चमच्याने कालवावा.

दह्याचे पाणी फेकू नये

२ लिटर दुधाचा चक्का बांधताना एक लिटरहून अधिक हिरवट पिवळे पाणी निथळते. बहुतेक घरांत ते मोरीत जाते. वस्तुतः त्यात दुधातील साखरेचा मोठा भाग, बराचसा कॅल्शियम, थोडी प्रथिने व ‘ब’ जीवनसत्त्वे असतात. त्याचा हिरवट रंग रायबोफ्लेव्हिन या जीवनसत्त्वामुळेच येतो. या पाण्यात थालीपिठाचे किंवा पुरीचे पीठ भिजवावे, बेसन लावून कढी करावी, पिठल्यास किंवा आमटीस वापरावे. पाणी स्वच्छपणे धरलेले असेल तर मीठ-जिरे घालून ताजे पिण्यास चांगले लागते. उरल्यास जनावरांच्या आंबोणात थोडे थोडे मिसळावे. हे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात ओतू नये. ते कुजून दुर्गंधी सुटते व पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

दोष, कारणे व उपाय

१. चक्का फार आंबट झाला : दही लागल्यावर उशिरा बांधले किंवा उन्हात टांगले. दही वेळेवर बांधावे व रात्री टांगावे.

२. चक्का कणीदार झाला : विरजण लावताना दूध फार गरम होते, किंवा चक्का न चाळता घोटला. दूध सोसवेल इतके निवू द्यावे. चक्का पुरणयंत्रातून काढावा.

३. दह्यास तार सुटली : विरजण बिघडले. ते टाकून द्यावे व खात्रीच्या घरून ताजे विरजण आणावे.

४. दह्यात भोके व बुडबुडे दिसतात, वास येतो : दूध, भांडे किंवा विरजण अस्वच्छ होते. असे दही पाहुण्यांस वाढू नये.

५. घोटलेल्या चक्क्यास पाणी सुटले : मीठ आधी घातले, फोडणी गरम होती किंवा पाणी पुरते निथळले नव्हते.

६. चक्क्यावर बुरशी आली : सर्व चक्का टाकून द्यावा. वरचा थर काढून खालचा वापरणे धोक्याचे आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी सूचना

या विषयाचे प्रात्यक्षिक सणाच्या आठ-दहा दिवस आधी महिला मंडळात, बचत गटात किंवा दूध संस्थेच्या आवारात ठेवावे. दही आदल्या दिवशी बांधून न्यावे व उपस्थितांपुढे दूध उकळण्यापासून सर्व पायऱ्या दाखवाव्यात. तराजू अवश्य न्यावा. दूध, चक्का व निथळलेले पाणी यांची वजने फळ्यावर लिहावीत. दुधाची त्या दिवशीची केंद्रावरील किंमत व इंधनाचा खर्च यांच्या बेरजेस चक्क्याच्या वजनाने भागावे, म्हणजे घरच्या चक्क्याचा दर किलोचा भाव निघतो. त्याशेजारी बाजारातील चक्क्याचा भाव लिहावा. हे दोन आकडे शेजारी शेजारी आले की निराळे व्याख्यान करण्याची गरज उरत नाही.

दुसरा प्रयोग दोन वाट्यांचा करावा. एका वाटीतील चक्क्यात मीठ प्रारंभीच घालावे, दुसरीत कार्यक्रमाच्या शेवटी. तासाभराने पहिल्या वाटीत सुटलेले पाणी सर्वांस दाखवावे. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट विसरली जात नाही.

एखाद्या गटाने चक्का किंवा श्रीखंड विक्रीस ठेवण्याचे मनात आणले, तर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आवश्यक ती नोंदणी अथवा परवाना घेण्यास त्यास साहाय्य करावे, आणि शीतसाखळीची सोय होईपर्यंत विक्री करू नये असे स्पष्ट सांगावे.

शेतकरी बंधूंनी व भगिनींनी येत्या सणास २ लिटर दुधापासून हा प्रयोग करून पाहावा. खर्च थोडा आहे, कृती अवघड नाही, आणि लागणारी बहुतेक साधने घरातच आहेत. फक्त दूध चुलीवरून उतरल्यापासून पान वाढेपर्यंत जी स्वच्छता व तत्परता लागते, ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. पाहुणा पोटभर जेवून सुखरूप आपल्या घरी पोहोचला, म्हणजे यजमानाचे कर्तव्य पुरे झाले असे समजावे.